नवं लायसन्स, वडिलांची गाडी आणि विमा

अठरा पूर्ण झाली की कराड-मलकापूर भागातल्या पोरापोरींचं पहिलं काम ठरलेलं असतं. लर्निंग काढायचं, महिन्याने ट्रायल द्यायची आणि पक्कं लायसन्स आलं की घरातली गाडी बाहेर काढायची. आगाशिवनगरातून कॉलेजला, ढेबेवाडी फाट्यावरून विंग-कोळ्याच्या बाजूला, नाहीतर महामार्ग ओलांडून कराडच्या बाजारात, अशा दिवसभरात तीन-चार फेऱ्या सहज होतात. हंगामात याच रस्त्यांवर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या असतात. गाडी हातात देताना आई-वडिलांच्या जिवात जीव नसतो, तो उगाच नव्हे. मग घरात विम्याचा विषय निघतो आणि प्रश्न येतो: नवशिक्याला स्वस्तात विमा कुठे मिळेल?

या प्रश्नामागे एक समजूत आहे, की नवशिक्याला विमा महाग पडत असणार. ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत ते खरं आहे. तिथली विमा कंपनी चालवणाऱ्याचं वय विचारते, लायसन्स किती वर्षांचं आहे ते विचारते, राहण्याचा पत्ता बघते आणि त्यावर हप्ता ठरवते. तिथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतही मुलगा गाडी चालवायला लागला की विम्याचं बिल बघून आई-वडील हबकतात. आपल्याकडे थर्ड पार्टी विम्याचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीसाठीच्या सक्तीच्या विम्याचा, दर ठरताना चालवणाऱ्याचं वय कोणी बघत नाही, लायसन्सची तारीखही बघत नाही. बघतात ती इंजिनाची सीसी. काल लायसन्स मिळालेल्या मुलीला आणि तीस वर्षं गाडी चालवणाऱ्या तिच्या वडिलांना एकाच गाडीसाठी तेवढाच हप्ता पडतो.

हा दर कंपनी ठरवत नाही, केंद्राचं रस्ते वाहतूक मंत्रालय ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात ७५ सीसीपर्यंतच्या दुचाकीला वर्षाला ५३८ रुपये, ७५ ते १५० सीसीला ७१४, १५० ते ३५० सीसीला १,३६६ आणि त्यापुढे २,८०४ रुपये असा हप्ता आहे. यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे स्प्लेंडर, शाईन किंवा अ‍ॅक्टिव्हा असेल तर वर्षाचे साधारण ८४३ रुपये. विजेवर चालणाऱ्या दुचाकीचा दर किलोवॉटवर ठरतो आणि तो थोडा कमी आहे. सरकार हे आकडे बदलू शकतं, म्हणून भरताना चालू दर बघून घ्यावा. पण तो सगळ्या कंपन्यांना सारखाच असतो. थर्ड पार्टीसाठी पाच कंपन्यांच्या वेबसाइटी पालथ्या घालण्यात हाती काही लागत नाही.

स्वस्त-महागाचा पहिला निर्णय त्यामुळे विम्याच्या ऑफिसात होत नाही, शोरूममध्ये गाडी निवडताना होतो. पल्सर १५० चं इंजिन १४९.५ सीसीचं आहे, अपाचे आरटीआर १६० चं १५९.७ सीसीचं. फरक दहा सीसीचा, पण १५० ची रेघ ओलांडली की थर्ड पार्टीचा हप्ता जवळजवळ दुप्पट होतो, आणि तो गाडी आहे तोवर भरत राहायचा असतो. ३५० सीसीची बुलेट आणि ही १६० सीसीची गाडी मात्र एकाच गटात येतात.

नवी गाडी घेताना थर्ड पार्टी विमा एकदम पाच वर्षांचा काढावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून हा नियम आहे. ७५ ते १५० सीसीच्या गाडीला त्याचे ३,८५१ रुपये अधिक जीएसटी होतात. शोरूमवाला सांगतो, "पाच वर्षांचा इन्शुरन्स झाला," आणि घरचे निर्धास्त होतात. इथेच मोठी फसगत होते. पाच वर्षांचा असतो तो फक्त थर्ड पार्टी भाग. आपल्या स्वतःच्या गाडीचं नुकसान, चोरी, पुरात वाहून जाणं यासाठीचा ओन डॅमेज भाग बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. मालकाचा अपघात विमाही अनेकदा एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी कोणी आठवण करून दिली नाही, तर हे दोन्ही गुपचूप संपतात आणि गाडी चोरीला गेल्यावरच ते कळतं. तेव्हा पॉलिसीच्या कागदावर प्रत्येक भागाची मुदत वेगळी छापलेली असते, ती बघून तारखा लिहून ठेवाव्यात.

ओन डॅमेजचा हप्ता मात्र कंपनीगणिक बदलतो आणि खरी तुलना तिथेच करायची असते. २००२ च्या जुन्या दरपत्रकाने देशाचे दोन विभाग पाडले होते. पुणे, मुंबई, बेंगळुरू, चेन्नई, दिल्ली, कोलकाता, हैदराबाद आणि अहमदाबाद ही शहरं अ विभागात, बाकी सगळा देश ब विभागात. कराडचं एमएच ५० पासिंग ब विभागात येतं. १५० सीसीपर्यंतच्या पाच वर्षांच्या आतल्या गाडीला पुण्यात विमाकृत किमतीच्या १.७०८ टक्के दर होता, आपल्याकडे १.६७६ टक्के. ८०,००० रुपये किमतीच्या गाडीला हा फरक पंचवीस-सव्वीस रुपयांचा होतो. २००७ पासून हे दर कंपन्यांना बंधनकारक राहिले नाहीत आणि त्या आपापली सूट देतात. पासिंग गावाकडचं की पुण्याचं यावर हप्ता फारसा हलत नाही, कंपनी किती सूट देते त्यावर हलतो. म्हणून तीन-चार ठिकाणचे आकडे घ्यावेत आणि शोरूमवाल्यालाही सांगावं की विमा आम्ही बघून घेतो. विमा आमच्याकडूनच घ्या, अशी सक्ती त्याला करता येत नाही.

तुलना करताना एक गोष्ट तेवढी सारखी ठेवा, ती म्हणजे आयडीव्ही, गाडीची विमाकृत किंमत. हप्ता कमी दाखवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे ही किंमत खाली आणणं. ८०,००० ची गाडी ६०,००० ची दाखवली की जुन्या दराने हप्त्यात ३३५ रुपये वाचतात, आणि गाडी चोरीला गेली की २०,००० रुपये कमी मिळतात. आजच्या सवलती धरल्या तर वाचणारी रक्कम आणखी कमी होते, बुडणारी तेवढीच राहते. आकडे असे शेजारी-शेजारी मांडले की कुठलं कोटेशन खरोखर स्वस्त आहे ते लगेच कळतं.

नवशिक्याच्या हातून गाडी एक-दोनदा पडतेच. आरसा फुटतो, इंडिकेटर तुटतो, हेडलाइटचं कव्हर चिरतं. लगेच क्लेम करावासा वाटतो. समजा खर्च २,४०० रुपयांचा आला आणि त्यातले २,००० प्लॅस्टिकच्या पार्टचे आहेत. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांच्या किमतीतून निम्मी घट कापली जाते, त्यावर आणखी १०० रुपये आपल्या खिशातले. हातात येणार १,३०० आणि त्या बदल्यात नो क्लेम बोनस शून्यावर. हा बोनस पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के असा चढतो. तो फक्त ओन डॅमेजच्या हप्त्यावर मिळतो, म्हणून लहान गाडीला वर्षाकाठी रुपयांत तो फार दिसत नाही. पण तो गाडीचा नसून मालकाचा असतो. उद्या मोठी दुचाकी घेतली तर तिच्यावर घेऊन जाता येतो आणि तिथे तो भरपूर वाचवतो. माझं मत असं की पहिली दोन-तीन वर्षं किरकोळ खरचटणं स्वतःच्या खर्चाने भरून काढावं. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर मात्र हा साठवलेला बोनस सगळाच जातो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आपल्याकडे नवशिक्याला विमा महाग पडत नाही, पण बऱ्याचदा त्या विम्यात तो स्वतः बसतच नाही. कारण गाडी वडिलांच्या नावावर असते. कॉलेजातल्या मुलाला उत्पन्न नाही, म्हणून कर्ज वडिलांच्या नावावर, म्हणून आरसीही त्यांच्याच नावावर. पॉलिसीत जो सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो मालक-चालकाचा असतो. २०१८ पासून त्याची रक्कम १५ लाख रुपये आहे. मालक-चालक म्हणजे ज्याच्या नावावर आरसी आहे, ज्याच्या नावावर पॉलिसी आहे आणि ज्याच्याकडे चालू लायसन्स आहे अशी एकच व्यक्ती. वडील गाडीवर असताना काही झालं तर हे १५ लाख लागू होतात. मुलगा गाडीवर असताना काही झालं तर त्याला या विम्यातून एक रुपयाही मिळत नाही. काही घरांत गाडी आईच्या नावावर घेतात आणि आईकडे लायसन्सच नसतं. मग त्या गाडीवर हा विमा कोणालाच लागू पडत नाही.

समोर दुसरं वाहन असेल आणि चूक त्याची असेल, तर मुलाला त्या वाहनाच्या विम्यातून भरपाई मागता येते. पण गाडी घसरली, खड्ड्यात गेली, रस्त्याकडेला उभ्या ट्रॉलीवर आपल्याच चुकीने आदळली, तर काय? सर्वोच्च न्यायालयात २००९ साली निकाल लागलेला निंगम्मा विरुद्ध युनायटेड इंडिया हा खटला इथे जाणून घेण्यासारखा आहे. साड्यांसाठी आपल्या ओळखीचं असलेलं कर्नाटकातलं इलकल हे गाव, तिथून एक जण दुसऱ्याची मोटरसायकल मागून घेऊन आपल्या गावी निघाला. पुढे लोखंडी पत्रे घेऊन चाललेली बैलगाडी अचानक थांबली, तो तिच्यावर आदळला आणि गेला. न्यायालयाने म्हटलं, मागून घेतलेली गाडी चालवणारा माणूस मालकाच्याच जागी उभा असतो. भरपाई द्यायची जबाबदारी मालकाची, मग मालकाच्या जागी असलेल्यालाच ती कशी मिळेल? चूक कोणाची हे न बघता भरपाई देणाऱ्या तेव्हाच्या कलम १६३-अ खाली त्याच्या वारसांना ती मिळू शकत नाही, असं ठरलं. वडिलांची गाडी चालवणारा मुलगाही याच जागी येतो.

यावर उपाय आहेत आणि ते महागही नाहीत. नवी गाडी जो रोज चालवणार त्याच्या नावावर घेता येत असेल तर तसंच करावं. ते जमत नसेल तर मुलाच्या नावावर वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी काढावी. ती गाडीशी जोडलेली नसते, मुलगा कोणाचीही गाडी चालवत असला, अगदी एसटीत बसलेला असला, तरी लागू राहते. आणि अगदी काहीच नाही तर बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा अर्ज तरी भरावा. वय १८ ते ७०, बँकेत खातं, वर्षाला २० रुपये. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वाला एक लाख. मुदत १ जून ते ३१ मे. त्या वेळी खात्यात पैसे नसले तर हप्ता कापला जात नाही आणि विमा बंद पडतो, एवढं लक्षात ठेवायचं. लायसन्स हातात आल्याच्या आठवड्यात वीस रुपयांचं हे काम उरकून टाकावं, असं मी प्रत्येक घराला कळकळीने सांगेन.

दुसरी वगळलेली व्यक्ती मागच्या सीटवर असते. आपल्याकडे डबलसीट जाणं ही रोजची गोष्ट. मित्र, बहीण, दवाखान्यात न्यायची आजी. पण नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत दुचाकीवर मागे बसलेल्याची जबाबदारी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली तिलक सिंग खटल्यात स्पष्ट केलं. पॅकेज पॉलिसी, म्हणजे ज्याला लोक फुल इन्शुरन्स किंवा फर्स्ट पार्टी म्हणतात ती असेल, तर मागच्याची जबाबदारी कंपनीवर येते. हेही २०१२ च्या बालकृष्णन खटल्यात सांगितलेलं आहे. दहा-बारा वर्षं जुनी स्प्लेंडर आहे, तिला कशाला फुल इन्शुरन्स, असं घरोघरी म्हटलं जातं. गाडीच्या किमतीपुरतं ते बरोबर आहे. पण १५,००० किमतीच्या गाडीला पॅकेजसाठी वर जाणारे पैसे दोन-तीनशेच्या घरात असतात, आणि त्यात मागे बसणाऱ्या माणसाचा प्रश्न सुटतो. काही कंपन्या जुन्या गाडीला पॅकेज द्यायला नाखूश असतात, आधी गाडीची पाहणी मागतात. तरी विचारावं, एका कंपनीने नाही म्हटलं तर दुसरीकडे जावं.

लर्निंगवर असताना विमा चालतो का, हाही नेहमीचा प्रश्न. चालतो. पॉलिसीतच छापलेलं असतं की केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ३ पाळला असेल तर लर्निंगवालाही गाडी चालवू शकतो. त्यासाठी पाटीवर लाल 'एल' लागतो आणि मागे शिकवणाऱ्या पक्क्या लायसन्सवाल्याशिवाय कोणाला बसवता येत नाही. मित्राला मागे बसवलं की हा नियम मोडला. आणि अठराच्या आतल्या मुलाला गियरची गाडी दिली तर २०१९ च्या दुरुस्तीतल्या कलम १९९-अ प्रमाणे पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० दंड आणि गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द.

विमाच नसला तर पोलिसांचा दंड पहिल्या वेळी २,००० रुपये, पुढच्या वेळी ४,०००, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद. लोक एवढाच हिशोब करतात, पण खरा हिशोब वेगळा आहे. समजा आपल्या गाडीखाली एक माणूस दगावला. वय ३२, गॅरेज चालवायचा, महिन्याला २०,००० मिळवायचा. घरात बायको, दोन मुलं, आई. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या खटल्यांत घालून दिलेल्या पद्धतीने भरपाई अशी निघते: वर्षाचं उत्पन्न २,४०,०००. पुढे ते वाढलं असतं म्हणून त्यात ४० टक्के मिळवायचे, झाले ३,३६,०००. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, उरले २,५२,०००. त्या वयाला गुणक १६. एकूण ४०,३२,००० रुपये, शिवाय अंत्यविधी वगैरेची रक्कम वेगळी. वर्षाला ७१४ रुपयांत कंपनी ही जबाबदारी उचलते, आणि मृत्यू किंवा दुखापतीच्या भरपाईला वरची मर्यादा नाही.

पॉलिसी संपलेली असेल तर हे चाळीस लाख गाडीच्या मालकाने द्यायचे. चालवणाऱ्याकडे लायसन्स नसेल तर न्यायाधिकरण अनेकदा कंपनीला आधी पैसे द्यायला लावतं आणि मग मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. मालक म्हणजे पुन्हा वडीलच. मोटार वाहन कायद्याचं कलम १७४ सांगतं की अशी रक्कम जिल्हाधिकाऱ्यामार्फत महसुली थकबाकीसारखी वसूल करता येते. महसुली थकबाकी म्हटलं की नजर सातबाऱ्यावर जाते, हे आपल्या भागात कोणाला समजावून सांगायला नको. आणि आयुर्विम्यात असतात तसे सवलतीचे दिवस मोटार विम्यात नसतात. काल रात्री बाराला मुदत संपली तर आज सकाळी दूध घालायला निघालेली गाडी विनाविमा असते.

नवशिक्याची पहिली गाडी पुष्कळदा जुनीच असते. ती घेताना पॉलिसी आहे ना, एवढं विचारून थांबू नये. थर्ड पार्टी भाग कायद्याने नव्या मालकाकडे आपोआप येतो. ओन डॅमेज आणि अपघात विमा तसा येत नाही. गाडी हातात आल्यापासून १४ दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. आधीच्या मालकाचा बोनसही त्याच्याबरोबर जातो. गाडी विकणाऱ्याने तर आणखी सावध राहावं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या नवीन कुमार खटल्यात ठरवलं आहे की आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, भरपाईच्या दाव्यात मालक तोच. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी दिली आणि नाव बदललं का ते पाहिलंच नाही, तर अपघाताची नोटीस जुन्या मालकाच्या दारात येते.

पॉलिसी हातात आली की आरसी शेजारी ठेवून दोन्ही कागद ताडून बघावेत. नाव, चेसिस नंबर, इंजिन नंबर, सीसी. हप्ता कमी दाखवण्यासाठी सीसी कमी लिहिल्याचे प्रकार होतात, आणि तो घोळ क्लेमच्या वेळी बाहेर येतो. पैसे एजंटच्या खात्यात न देता कंपनीच्या नावावर भरावेत, कारण हप्ता कंपनीपर्यंत पोहोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, असं विमा कायदा सांगतो. काही दिवसांनी एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून विम्याची तारीख चढली आहे का तेही बघावं.

क्लेम विनाकारण नाकारला गेला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवायचं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. आपल्या भागासाठी हे कार्यालय पुण्याला आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात आणि नकार मिळाल्यापासून वर्षभरात अर्ज करावा लागतो. अर्जासोबत पॉलिसी, सर्व्हेअरचा अहवाल आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार जोडायचा.